दावोसचं संध्याकाळी पाचचं बुलेटिन आणि व्हाइट रिस्क अ‍ॅप: बर्फात जाण्याआधी मी काय वाचते

स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यात आखलेला मार्ग सोडून डोंगरात जायचं ठरलं की आपल्या लोकांची चर्चा सामानापासून सुरू होते. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे स्नोशूज कुठले घ्यावेत, जॅकेट किती जाड असावं, हिमस्खलनात माणसाला वर ठेवणारी एअरबॅग भाड्याने मिळते का. मी ज्याबद्दल लिहिते आहे ते फुकट आहे आणि माझ्या मते या सगळ्या सामानाआधी त्याचा नंबर लागतो. दावोसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था, जिला इथे सगळे एसएलएफ म्हणतात, तिचं रोजचं हिमस्खलन बुलेटिन आणि ते वाचायचं व्हाइट रिस्क हे अ‍ॅप. मी ते मनापासून वापरते, त्यातल्या काही गोष्टी मला खटकतातही, आणि इथे येणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना ते नीट वाचता येत नाही असं दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची नाशिकची. हरिहर, साल्हेर, अलंग-मदन करत मोठी झाले. आता कूरला राहते, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सुट्टी मिळाली की नवरा आणि मी ग्राउब्युन्डन या इथल्या प्रांतातल्या दऱ्यांमध्ये स्नोशूज किंवा टूरिंगच्या स्की घेऊन जातो. सह्याद्रीत फिरताना पावसाळ्यात कुठल्या घळीत शिरायचं नाही हे पायथ्याच्या गावातला एखादा मामा सांगतो, कारण त्याने तिथे दगड सुटताना पाहिलेले असतात. इथे धोका बर्फाच्या पोटात असतो. वरून उतार पांढरा, गुळगुळीत, उन्हात चकाकणारा. इथे जन्मलेल्या माणसालाही नुसतं बघून आतलं कळत नाही. म्हणून हे बुलेटिन.

त्यामागचं काम जुनं आहे. दावोसच्या वर वाइसफ्लूयोखला १९३६ साली एका लाकडी खोपटात बर्फाचा अभ्यास सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात इशारे देण्याचं काम लष्कराकडे होतं, १९४५ पासून ते संस्थेकडे आलं. पुढे १९५०-५१च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी ९८ माणसं गेली, तीही बहुतेक घरात, गोठ्यात, गावात असलेली. त्यानंतर गावांवरच्या उतारांवर लोखंडी अडसरांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. प्रेटिगाउ खोऱ्यातल्या सांक्ट आंटोनियनला गेलात तर गावावरच्या क्युएनीहॉर्नच्या उतारावर त्या रांगा अजून दिसतात. दावोसजवळच्या फ्राउएनकिर्खचं चर्च बघा, डोंगराकडची त्याची भिंत नावेच्या टोकासारखी निमुळती बांधली आहे, आलेला बर्फ दोन्ही बाजूंना फाकावा म्हणून. हिमस्खलनाशी जुळवून जगायचं हे शहाणपण स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया दोघांनी मिळून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१८ साली नोंदवलं.

आता गावं बरीच सुरक्षित झाली आहेत. आजकाल हिमस्खलनात दगावणारे जवळजवळ सगळे स्वतःहून डोंगरात गेलेले असतात: स्की टूरवाले, पिस्टबाहेर (स्कीसाठी तयार केलेल्या उतारांबाहेर) उतरणारे, स्नोशूवाले. त्यातही दहातल्या नऊ अपघातांत तो बर्फ त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो. वरून अचानक काहीतरी कोसळलं आणि बिचारा सापडला, असं क्वचित होतं. मला या आकड्यात आशा दिसते. आपल्याच पावलाने सुटणारी गोष्ट असेल तर पाऊल कुठे टाकायचं हे आपल्या हातात आहे, आणि ते ठरवायला लागणारी माहिती रोज संध्याकाळी पाच वाजता कुणीतरी आपल्यासाठी तयार करून ठेवतं.

हिवाळ्यात बुलेटिन संध्याकाळी पाचला निघतं आणि सकाळी आठला त्याची सुधारित आवृत्ती येते. देशभर साधारण दोनशे प्रशिक्षित निरीक्षक आहेत. त्यातले अनेक जण गावचेच लोक. सकाळी उठून ताजा बर्फ किती पडला ते मोजायचं, आजूबाजूला काय कोसळलंय ते कळवायचं, ठरावीक दिवसांनी उतारावर खड्डा खणून थर तपासायचे. शिवाय उंचावर स्वयंचलित केंद्रं आहेत, ती वारा, तापमान आणि बर्फाची जाडी सतत पाठवत असतात. दावोसमधले अंदाजकर्ते हे सगळं समोर ठेवून नकाशा रंगवतात. बुलेटिन जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी अशा चार भाषांत एकाच वेळी येतं. ते जमतं कारण धोक्याचं वर्णन आधीच तयार करून ठेवलेल्या वाक्यांच्या साठ्यातून जुळवलेलं असतं. इंग्रजीतून वाचताना भाषा थोडी ताठ वाटते ती त्यामुळे. मला तो ताठपणा आवडतो. जानेवारीत जे वाक्य ज्या अर्थाने आलं, मार्चमध्ये ते त्याच अर्थाने येतं. काही आठवडे वाचलं की एखादा शब्द बदललेला लगेच डोळ्यांत भरतो.

अ‍ॅप उघडलं की पहिल्यांदा दिसतो रंगीत नकाशा. हिरवा एक, पिवळा दोन, केशरी तीन, लाल चार, आणि पाचला लाल-काळा. युरोपभर १९९३ पासून हीच पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. बहुतेक लोक इथे थांबतात. माझं सगळं सांगणं या जागेबद्दल आहे: इथे थांबू नका, तुमच्या भागावर बोट ठेवा आणि खाली उघडतं ते वाचा. बुलेटिनचा खरा ऐवज तिथे आहे.

गेल्या हिवाळ्यात झुरिकला शिकणारा, ओळखीतला कोल्हापूरचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. सोबत त्याचे तीन मित्र. भाड्याच्या स्नोशूज, सँडविच, थर्मास, सगळं तयार. त्यांना एका खिंडीजवळच्या उत्तरेकडच्या उतारावरून वरच्या पठारावर चढायचं होतं. कुठल्याशा सहल आयोजकाने त्यांना म्हणे सांगितलं होतं, हिरवा-पिवळा असेल तर बिनधास्त जा. आदल्या रात्री जेवताना मी विचारलं, बुलेटिन पाहिलंस का रे?

"पाहिलं की मावशी. पाचातला दोन आहे. निम्म्यापेक्षा कमीच झालं की हो."

"खाली काय लिहिलंय?"

"खाली म्हणजे?"

मी ताट बाजूला सारलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. दोन खरोखरच होता. त्याच्या खाली एका छोट्या चक्रात पश्चिमेपासून उत्तरेकडून पूर्वेपर्यंतचा भाग काळा केलेला, शेजारी डोंगराचं चिन्ह आणि २२०० मीटर. म्हणजे २२०० मीटरच्या वर, सावलीकडच्या उतारांवर धोका एकवटलेला. अडचणीचा प्रकार: जुन्या बर्फातले टिकून राहिलेले कमकुवत थर. आणि मजकुराचा आशय असा की काही ठिकाणी एकटा माणूसही खोल थरातून हिमस्खलन सोडवू शकतो, ते मध्यम आकाराचं होऊ शकतं, आणि अशा जागा अनुभवी डोळ्यालाही ओळखायला अवघड आहेत. त्यांचा मार्ग कुठे होता? बरोबर त्या काळ्या भागात. त्या उंचीवर, त्या दिशेला.

मुलगा हुशार. दोन मिनिटं गप्प राहून वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे दोन हा आकडा सगळ्या जिल्ह्याचा आहे आणि आमचा उतार त्यातला वाईट आहे." अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी ते चौघं आखलेल्या स्नोशू वाटेवर गेले, दुपारी फोटो पाठवले, खूश होते.

दोन या पायरीची व्याख्या वाचली तर तिथे 'सुटू शकतं' असंच लिहिलेलं आहे. मुख्यतः जास्त भाराने, म्हणजे अंतर न ठेवता चालणाऱ्या गटाने वगैरे, पण सुटू शकतं. तीनवर एकट्या स्कीवाल्याच्या भाराने सुटू शकतं. चारवर बऱ्याच उतारांवर सुटण्याचीच शक्यता जास्त. या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत, एकावरून दोनवर आणि दोनवरून तीनवर जाताना धोका पटींनी वाढतो. इथल्या मृत्यूंपैकी साधारण निम्मे तीनच्या दिवशी होतात आणि त्याखालोखाल दोनच्या. चार-पाचला लोक घरी बसतात. तीन हा पाचच्या मधला आकडा, म्हणून तो 'मध्यम' वाटतो. मोजपट्टीवर मध्यम हा शब्द दोनसाठी वापरतात, तीनला त्यांनी 'लक्षणीय' म्हटलंय. तीनचा दिवस माझ्यासाठी सरळ हिशेबाचा आहे: तीस अंशांपेक्षा कमी उतार, आणि डोक्यावरही तसलाच उतार.

डिसेंबर २०२२ पासून आकड्यापुढे वजा, बरोबर किंवा अधिक अशी खूणही असते. दोन अधिक म्हणजे तीनच्या उंबरठ्यावर. रोज वाचणाऱ्याला हे फार उपयोगी आहे. नवख्याला मात्र अ‍ॅप ते कुठेही धड समजावून सांगत नाही, आणि कोपऱ्यातली ती बारीक खूण कुणाच्या लक्षात येत नाही. इथे सुधारणा हवी.

अडचणींचे प्रकार पाच: ताजा बर्फ, वाऱ्याने आणून रचलेला बर्फ, जुन्या बर्फातले कमकुवत थर, ओला बर्फ, आणि जमिनीवरून अख्खाच घसरणारा बर्फ. आकडा तोच असला तरी प्रकार बदलला की माझं वागणं बदलतं. वाऱ्याचा बर्फ बराचसा दिसतो: धारेच्या पलीकडच्या बाजूला फुगीर, मऊ, खाली घळीत साचलेला, पृष्ठभागावर वाऱ्याच्या रेघा. तो बाजूने टाळून जाता येतं आणि काही दिवसांत तो बहुधा बसतोही. ओल्या बर्फाला वेळेचं गणित लागतं: पहाटे निघा, ऊन चढायच्या आत उतरा. जमिनीवरून घसरणाऱ्या बर्फाला आधी भेगा पडतात, त्या भेगांखाली डबा उघडून बसायचं नाही.

जुन्या थरांचं मात्र मला भय वाटतं, आणि ते मी मोकळेपणाने सांगते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडतो, मग स्वच्छ आकाशाच्या थंड रात्रींची रांग लागते. जमीन उबदार, वरची हवा गोठवणारी, मधे बर्फाचा पातळ थर. तापमानाच्या या फरकामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण बदलून टोकदार, एकमेकांना न चिकटणारे होतात. हातात घेतले तर जाड रव्यासारखे बोटांतून गळतात. जानेवारीत त्याच्यावर मोठा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि सुट्या कणांवर एक सलग लादी तयार होते. तुम्ही त्या लादीवर जिथे ती पातळ आहे तिथे पाय ठेवता, खालचे कण बसतात, ते बसणं थरातून वाऱ्याच्या वेगाने पसरत जातं आणि उतार पुरेसा तीव्र असेल तर सगळी लादी सुटते. कधी आपण सपाटीवर असतो आणि वरचा उतार सुटतो. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, बर्फ एकदम जरासा खाली बसल्यासारखा वाटला, तर तो थर बोललाय असं समजायचं आणि तीव्र उतारांपासून लांब राहायचं. एंगाडिन, दावोस, वालिसचा दक्षिण भाग, म्हणजे आल्प्सच्या आतल्या कोरड्या आणि थंड खोऱ्यांत हे जास्त होतं. तिथे बर्फ कमी असतो म्हणून पाहुण्यांना ते सौम्य वाटतं. बर्फ कमी म्हणजे कमकुवत थर पायाच्या जास्त जवळ.

बुलेटिनमध्ये हा प्रकार दिसला की आमच्या घरी नकाशाच बदलतो. कुठल्याही खुणेवर, आधीच्या स्कीच्या रेघांवर आम्ही विश्वास ठेवत नाही. दहा जण सुखरूप गेले आणि अकराव्याचा पाय पातळ जागी पडला, असं या थरांवर होतं.

संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये 'बर्फाचं आवरण आणि हवामान' नावाचा एक वेगळा भाग असतो. तो लांब आहे, कोरडा आहे, लोक तो सोडून देतात. कृपा करून वाचा. गेल्या चोवीस तासांत काय पडलं, वारा कुठून, शून्य अंशाची उंची कुठे, पुढच्या दोन दिवसांत कल काय, हे सगळं तिथे असतं. मला खरं शिक्षण या भागाने दिलं. खड्डा खणून थर बघायला मी नंतर शिकले, पण तोपर्यंत नोव्हेंबरपासूनच्या बर्फाची गोष्ट मला रोजच्या वाचनाने पाठ झाली होती. डिसेंबरच्या एका शनिवारी अचानक उघडून वाचणाऱ्याला ती गोष्ट अर्ध्यातून ऐकू येते. म्हणून जानेवारीत जायचं असलं तरी नोव्हेंबरपासून वाचायला लागा. हिवाळ्याच्या अगदी सुरुवातीला बुलेटिन रोज निघत नाही, परिस्थिती असेल तसं येतं, हे तेवढं लक्षात ठेवा.

सकाळच्या आठच्या आवृत्तीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि एक कौतुक. कौतुक आधी. मागच्या फेब्रुवारीत सांक्ट आंटोनियनला जायचं ठरवलं होतं. सुल्झफ्लूच्या दिशेने एका टूरची आखणी, संध्याकाळी दोन अधिक. रात्रभर दक्षिणेचा फ्योन वारा घोंघावत होता, आमच्या खिडकीची झडप आपटत होती. आम्ही पहाटेच निघालो. लांडक्वार्टला गाडी बदलली, क्युब्लिसला पिवळ्या पोस्टबसची वाट बघत उभे होतो तेव्हा आठ वाजले आणि नवी आवृत्ती आली. तीन झाला होता. कारण दिलेलं: वाऱ्याने धारांच्या आडोशाला नवा बर्फ रचला आहे, तो सहज सुटतो. आम्ही बसमध्येच टूर रद्द केली आणि दरीच्या तळातून पार्टनूनपर्यंत गेलो. वरच्या धारांवरून बर्फाची धूळ उडत होती, ती पूर्ण वेळ दिसत होती. नवऱ्याने पार्टनूनला सूप मागवलं आणि आम्ही दुर्बिणीतून त्या धारा बघत बसलो. सुरेख दिवस गेला.

तक्रार अशी की वसंतात आठ वाजता फार उशीर झालेला असतो. एप्रिलमध्ये माणसं पहाटे चार-पाचला निघतात. त्यांना आदल्या संध्याकाळचंच बुलेटिन घेऊन जावं लागतं, आणि रात्री आकाश ढगाळ राहिलं तर बर्फ गोठतच नाही, अंदाज तिथेच बदलतो. अशा दिवसांसाठी बुलेटिन कोरड्या आणि ओल्या बर्फाचा धोका वेगळा सांगतं, दिवस चढला की आकडा कसा वाढेल तेही दाखवतं, ते उत्तम आहे. तरी पहाटेची माहिती हवी असेल तर केंद्रांची मोजमापं तुम्हीच बघायची.

आणि ती अ‍ॅपमध्ये आहेत! व्हाइट रिस्कचा हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. आपल्या मार्गाजवळचं केंद्र निवडायचं आणि आलेख बघायचे: बर्फाची जाडी, हवेचं आणि बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान, वाऱ्याचा वेग, दिशा. रात्री पृष्ठभागाचं तापमान शून्याच्या बरंच खाली गेलं असेल तर वरचा थर गोठला. वाऱ्याची रेघ वर गेली आणि ताजा बर्फ सैल असेल तर तो वाहून कुठे तरी साचला. प्रयोगशाळेत दिवसभर आलेखच बघत असल्यामुळे असेल, पण मला हे बुलेटिनच्या वाक्यांइतकंच बोलकं वाटतं.

अ‍ॅपचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे नकाशावर टूर आखणं. स्विसटोपो या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर उताराचे रंग चढवता येतात: तीस ते पस्तीस अंश पिवळा, चाळीसपर्यंत केशरी, पंचेचाळीसपर्यंत लाल, त्यापुढे जांभळा. लादी सुटते ती साधारण तीस अंशांच्या पुढच्या उतारावर, म्हणून पिवळा सुरू झाला की विचार सुरू. माझी पद्धत सोपी आहे. संध्याकाळी बुलेटिनमधली दिशा आणि उंची बघायची, मग नकाशावर आपल्या रेघेला तो भाग कुठे कुठे शिवतो ते शोधायचं, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं: मी तीव्र उतारावर नसले तरी माझ्या वर काय आहे? स्नोशूवाल्यांची फसगत बहुतेक इथे होते. पाय सपाटीवर, पण डोक्यावर केशरी-लाल उतार. खाली घळ किंवा ओढा असेल तर आणखी वाईट, कारण सुटलेला बर्फ तिथे खोल साचतो आणि थोडा बर्फही माणसाला पुरून टाकतो.

नकाशाच्या रंगांना मर्यादा आहेत. छोटे, दहा-वीस मीटरचे तीव्र बांध नकाशात हरवतात. तिथे डोळे वापरायचे. आणि बुलेटिन प्रदेशाचं असतं, एकेका उताराचा निकाल ते देत नाही. काही लोक याला उणीव म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या उतारावर उभं राहून निर्णय घेणं हे काम चालणाऱ्याचंच आहे. व्हेर्नर मुंटर या स्विस मार्गदर्शकाने शिकवलेली साधी चौकट इथे सगळे वापरतात: घरी, प्रदेशात पोचल्यावर आणि प्रत्यक्ष उतारावर, तीन वेळा परिस्थिती, भूभाग आणि माणसं तपासायची. माणसं यात मुद्दाम आहेत. कोण थकलंय, कोण लाजून बोलत नाही, कोणाला शिखर गाठायचंच आहे. आमच्या गटात नियम आहे की नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. ट्रान्सीव्हर (पुरलेल्या माणसाला शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं या तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात, गटात एकाकडे असून भागत नाही, कारण तो एकच पुरला गेला तर? ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणून कुठल्याही कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सापडतो. फोन त्याच्यापासून किमान वीस सेंटिमीटर लांब, शोधताना पन्नास. निघताना प्रत्येकाचं यंत्र संदेश पाठवतं आहे की नाही हे एकेकाला पुढे घालून तपासायचं. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान ते प्रमाण दहातल्या तिघांपर्यंत घसरतं. रेगा या इथल्या हवाई बचाव सेवेचं हेलिकॉप्टर कितीही तत्पर असलं तरी पहिली दहा मिनिटं तुमच्या सोबत्यांची असतात. त्यामुळे सराव करा. विकत घेऊन कपाटात ठेवलेल्या यंत्राचा उपयोग नाही.

जे सहलीसाठी टिटलिस, युंगफ्राउयोख वगैरे ठिकाणी येतात त्यांना यातलं काही लागत नाही, एकच पाळा: दोरी किंवा इशाऱ्याची पाटी ओलांडून फोटोसाठी पलीकडे जाऊ नका. थोडं चालायचं असेल तर गुलाबी पाट्यांच्या हिवाळी वाटा आणि स्नोशूच्या आखलेल्या वाटा आहेत. धोका वाढला की त्या बंद केल्या जातात, बंदची पाटी असेल तर परत फिरायचं.

हिमालयात हिवाळी ट्रेकला जाणाऱ्या पुण्या-मुंबई-नाशिकच्या मंडळींसाठीही दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. भारतात हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची चंदिगडची संस्था, डीजीआरई, देते. पूर्वीची मनालीची सासे ही संस्था २०२० साली तिच्यात विलीन झाली. मोजपट्टी तिथेही पाच पायऱ्यांची आहे आणि इशारे जिल्ह्यानुसार, उंचीसह येतात. गुलमर्गला अफरवतवर गंडोलाच्या वरच्या टप्प्यातून उतरलं की पिस्टबाहेरचा प्रचंड प्रदेश समोर उघडतो. तिथे २०२३च्या १ फेब्रुवारीला दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या गटावर हिमस्खलन आलं आणि २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यातली बहुतेक शिकायला गेलेली, तरुण, तयारीची मुलं होती. त्या बातमीनंतर मी कित्येक दिवस नीट झोपले नव्हते, कारण त्यांच्यासारखी मुलं माझ्या घरात जेवून जातात. तुमच्या ट्रेकच्या आयोजकाला विचारा: इशारा कुठला बघता, कोण बघतं, मार्गावरचा सगळ्यात तीव्र उतार किती अंशांचा, तो कुठल्या वेळी ओलांडणार, एकेक जण ओलांडणार की रांगेने, आणि परत फिरायचं कोण ठरवणार. उत्तरं देणारा आयोजक निवडा. चिडणारा असेल तर पैसे परत मागा.

आता गुणांचं. बुलेटिनला मी पाचपैकी पाच देते. व्हाइट रिस्क अ‍ॅपला चार. एक गुण कापला तो दोन कारणांनी: रंग आणि आकडा इतका मोठा दाखवला जातो की मजकूर दुय्यम वाटतो, आणि वजा-अधिकच्या खुणा नवख्याला समजत नाहीत. शिवाय बऱ्याच दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून बुलेटिनचा स्क्रीनशॉट घरून काढून ठेवा, नकाशाचाही. अ‍ॅपची भाषा इंग्रजी करता येते. फोनमध्ये रेगाचा १४१४ हा क्रमांक आत्ताच साठवा. आणि कूरच्या बाजूला येणार असाल, पहिल्यांदाच स्नोशूज घालणार असाल, तर आदल्या संध्याकाळी पाचनंतर चहाला या, एकत्र बसून वाचू.